सोमवारपासून

दर बुधवारी साडेचारला पहिली पाळी सुटली, की लाँड्रीच्या घडीखोलीत इंग्रजीचा वर्ग भरायचा. लाँड्री मोठी होती. चार हॉस्पिटलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे अंगरखे तिथे धुऊन, वाळवून, गरम रोलरांखालून काढून परत जायचे. नव्या मशिनांवरची अक्षरं इंग्रजी, पिशव्यांवरच्या चिठ्ठ्याही इंग्रजी. एकदा रोगजंतूंच्या कपड्यांची पिशवी कुणीतरी साध्या कपड्यांत उघडली, हॉस्पिटलने डोळे वटारले, आणि मॅनेजरने ठरवलं की बायकांना इंग्रजी शिकवायचंच. शिक्षक शोधायला तो लांब गेला नाही. त्याची सख्खी वहिनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती आणि घरात बसून नवऱ्याच्या शिवणकामात चुका काढत होती.

वर्गात अकरा जणी होत्या. त्या तिला बाई म्हणत, आणि मग मॅनेजर सोडून लाँड्रीतले सगळेच बाई म्हणायला लागले.

त्या बुधवारी काळ शिकवायचे होते. बाईंनी एका मोठ्या पुठ्ठ्यावर दोन रकाने आखून आणले होते.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "वाक्यातला वेळेचा शब्द हा घरमालक. क्रियापद भाडेकरू. मालक सांगेल तसं राहायचं, हुज्जत नाही. यस्टरडे आला, लास्ट वीक आला, टू डेज अगो आला, की ती गोष्ट संपली, कुलूप लागलं. तिथे साधा भूतकाळ. पण सिन्स, फॉर, येट, ऑलरेडी आले की अजून कुलूप लागलेलं नाही. गोष्ट मागे सुरू झाली आणि आजपर्यंत येऊन पोचली. तिथे हॅव किंवा हॅज."

"म्हणजे माझं लग्न कुठल्या रकान्यात?" मागून एकीने विचारलं. "झालं कधीचंच, पण अजून चालूच आहे."

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. "लग्न झालं ते पहिल्यात, संसार दुसऱ्यात. चला, प्रत्येकीने तीन वाक्यं लिहा. पुस्तकातली नकोत. तुमच्या कामातली, आजची, खरी."

दहा मिनिटांनी एकेक जण वही घेऊन टेबलाशी यायला लागली. चौथी आली ती चिमणी. हे तिचं नाव नव्हे. पण अंगाने बारीक, आणि मशिनांच्या घरघरीतही जिचा आवाज वर ऐकू येतो अशा बाईला दुसरं काय म्हणणार? ती तीन नंबरच्या रोलरवर होती. ओली चादर दोन्ही हातांनी ताणून तापलेल्या रोलरखाली सारायची, हे तिचं दिवसभराचं काम. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात चुकून पुढे गेला, दांडीला लागला, की रोलर जागच्या जागी थांबतो. म्हणजे थांबायला हवा.

वहीत पेन्सिलीने लिहिलं होतं : 'द बार ऑफ रोलर थ्री इज नॉट वर्किंग ऑन मंडे.'

बाईंनी लाल पेन टेकवलं. "सोमवारी दांडी चालत नव्हती. आता चालते?"

"कुठली चालतेय हो बाई! सोमवारपासून मेल्यासारखी पडलीय. हात लावला तरी रोलर थांबत नाही."

"मग ऑन मंडे कसं? ऑन मंडे म्हटलं की प्रकरण सोमवारीच मिटलं. तुझं मिटलंय?"

"नाही ना."

"मग सिन्स मंडे. आणि सिन्स आला की इज नाही चालणार. मराठीत 'सोमवारपासून बंद आहे' म्हणून भागतं, म्हणून तुम्ही सगळ्या त्याच खड्ड्यात पडता. इंग्रजीत हॅज." त्यांनी खोडून वर लिहिलं : 'हॅज नॉट वर्क्ड सिन्स मंडे.'

दुसरं वाक्य होतं, 'आय हॅव टोल्ड द फिटर ऑन ट्यूजडे.'

"मंगळवार गेला की आला?"

"गेला."

"मग हॅव कशाला? आय टोल्ड."

तिसरं वाक्य चिमणीने कुणाच्या मदतीशिवाय बरोबर लिहिलं होतं : 'ही हॅज नॉट कम येट.' तो अजून आलेला नाही. येट पाहून हॅज लिहिणारी ती वर्गातली पहिलीच. बाईंना फार बरं वाटलं. त्यांनी तिन्ही वाक्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्या, खाली 'व्हेरी गुड' लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि पाचवीला हाक मारली. चिमणी क्षणभर तिथेच उभी राहिली. काहीतरी बोलेलसं वाटलं. मग वही ठेवून जागेवर गेली. जाताना बाईंनी अकराही वह्या मागची पानं तपासायला घरी नेल्या.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास बाईंचा फोन वाजला. वर्गातली उंची बोलत होती. ही चिमणीच्या शेजारच्या रोलरवर असायची, सगळ्यांत उंच, म्हणून उंची. 

"बाई, चिमणीचा हात रोलरमध्ये गेला."

"कुठल्या रोलरमध्ये?" बाईंनी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तीन नंबरच्या. चादरीला गाठ होती, ती सोडवायला गेली. दांडीवर पूर्ण छाती टेकली होती तिची, तरी थांबला नाही हो. मी धावत जाऊन मेन बंद केला. तोवर..."

पुढचं बाईंनी ऐकलं, पण नंतर त्यांना ते आठवेना. फोन ठेवून त्या टेबलाशी गेल्या. कापडी पिशवीतून वह्या काढल्या. चिमणीची वही वरून तिसरी होती. पान उघडलं. लाल शाई, तीन खुणा, सही, कालची तारीख.

खिडकीशी बसून त्यांचे यजमान एका कोटाचं अस्तर उसवत होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी तिन्ही वाक्यं मराठीत वाचून दाखवली. मग चिमणीचं सांगितलं.

यजमानांनी कात्री खाली ठेवली. "हे काल वाचलंस तू?"

"काल."

"मग कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही," बाई म्हणाल्या. "मी इज खोडून हॅज केलं."

शुक्रवारी सकाळी नऊलाच मॅनेजर दारात. डोळे लाल, दाढी वाढलेली. चिमणीला गाडीत घालून हॉस्पिटलात त्यानेच नेलं होतं आणि संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता, हे बाईंना उंचीकडून कळलं होतं. तो खुर्चीत बसला, पाणी प्यायला, आणि हातातली फाईल टेबलावर ठेवली.

"वहिनी, एक काम होतं. उद्या अकराला कामगार कचेरीतून निरीक्षक येताहेत. अहवाल इंग्रजीत द्यायचाय. मी लिहिलाय, पण माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे. तेवढं काळबीळ नीट करून द्या."

बाईंनी कागद घेतला. दुसऱ्याच परिच्छेदात होतं, 'द बार हॅज बीन वर्किंग अनटिल थर्सडे मॉर्निंग.' तीस वर्षांची सवय. लाल पेन आपसूक हातात आलं. अनटिल थर्सडे मॉर्निंग, म्हणजे संपलेली वेळ. इथे हॅज बीन नाही, वॉज हवं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. वाक्य शुद्ध करायला एक शब्द पुरला असता. मग ते शुद्ध खोटं झालं असतं.

"भावजी, दांडी गुरुवारी सकाळपर्यंत चालू होती?"

"फिटरने तसं लिहून दिलंय."

"फिटरने दिलंय. तुम्ही पाहिलीत का?"

"तिने दांडीला कापड बांधलं होतं, वहिनी. लाल कापड. आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. रोलर सारखा थांबू नये, काम भराभर व्हावं म्हणून बांधतात या बायका. कापडाने दांडीचा स्विच अडकला, बिघडला. आता त्याला मी काय करू?" तो पुढे वाकला. "हे बघा, तिथे एकशे चाळीस माणसं कामाला आहेत. हॉस्पिटलांनी उद्या हात वर केले तर त्यांच्या चुली कुणी पेटवायच्या? मी काही तिचा वैरी नाही. तिचं औषधपाणी बघायला मी आहेच."

 खिडकीशी यजमानांच्या शिलाई मशिनचा आवाज केव्हाच थांबला होता.

"आणि त्या वह्याही द्या," मॅनेजर म्हणाला. "अकराही. बायका काहीतरी बोलताहेत, वहीत असं लिहिलंय, तसं लिहिलंय."

"सोमवारी दांडी बिघडली हे तुमच्या कानावर आलं होतं का?"

त्याने टेबलावरची फाईल उगाच सरळ केली. "जरा अडकते असं म्हणाला होता फिटर. रविवारी मशिनं बंद असतात, तेव्हा बघू म्हटलं होतं. एका दांडीसाठी आठवड्याच्या मधेच रोलर कोण बंद ठेवतं?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

आता त्याने मान वर केली. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माहीत तुम्हालाही होतं, वहिनी. त्या पानावर सही तुमची आहे. वही पुढे आली तर पहिला प्रश्न मला नाही विचारणार, तुम्हाला विचारतील. बुधवारी वाचलंत, मग काय केलंत? तुमच्या जागी मी असतो तर ते पान कुणाला दाखवलं नसतं."

 "वह्या तपासून व्हायच्यात," त्या कशाबशा म्हणाल्या. "उद्या देते."

"दहाला गाडी पाठवतो." तो उठला. फाईल टेबलावरच राहिली.

तो गेल्यावर यजमानांनी शिवण बाजूला सारली. मग म्हणाले, "तो माझा धाकटा भाऊ आहे. माझी पाठ धरली होती तेव्हा दोन महिने मला उचलून न्हाणीघरात नेत होता. हे तुला अडवायला सांगत नाहीये. उद्या जे होईल ते दोघांनाही सोसायचंय, म्हणून आत्ताच बोलून ठेवतो."

"मग मी काय करू?"

"ते मला विचारू नकोस. मला विचारलंस तर मी भावाचाच निघेन."

दुपारी बाई हॉस्पिटलात गेल्या. चिमणी खिडकीजवळच्या खाटेवर होती, उजवा हात कोपरापर्यंत बांधून उशीवर ठेवलेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं होतं. बाकीच्यांचं नंतर कळणार होतं. उशाशी तिची आई बसली होती. बाईंना पाहून ती उठली आणि एक शब्दही न बोलता बाहेर गेली.

चिमणीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बाई, साहेब म्हणतात, मी कापड बांधून दांडी बिघडवली."

"बांधलं होतंस का?" विचारणं भाग होतं.

"बांधलं होतं. मंगळवारी. फिटर येईना, मग दुसऱ्या पाळीवाल्यांना कसं कळणार, की ही दांडी मेलीय? त्यांनी सांभाळून हात घालावा म्हणून खूण केली. लाल कापड कुणी उगाच बांधतं का?"

"म्हणजे आधी बिघडली आणि मग बांधलंस."

"मग! चालत असती तर कशाला बांधलं असतं?"

बाईंनी मान हलवली. खाटेच्या कडेचा लोखंडी गज त्यांनी धरून ठेवला होता. चिमणीने डोळे मिटले. झोपली असं बाईंना वाटलं, तेवढ्यात ती म्हणाली, "माझी वाक्यं बरोबर होती ना, बाई?"

"बरोबर होती. तिसरं तर तू एकटीने बरोबर लिहिलंस."

"मी मुद्दाम तीच लिहिली होती."

"मुद्दाम?"

"तुम्ही साहेबांच्या वहिनी. मी स्वतः जाऊन सांगितलं असतं तर म्हणाले असते, कुरकुरी आहे. मला वाटलं, तुम्ही वाचाल आणि त्यांना सांगाल. तुम्ही व्हेरी गुड लिहिलंत. मला वाटलं, झालं आता काम."

  "मी वाचलं होतं," बाई म्हणाल्या. "नुसतं वाचलं."

चिमणीने त्यांच्याकडे पाहिलं. जाऊ द्या असं काही ती म्हणाली नाही. "मला पाणी देता?" एवढंच म्हणाली. बाईंनी दिलं.

शनिवारी दहाला गाडी आली. ड्रायव्हर पिशवी मागायला दारात आला, तर बाई चपला घालून तयार. "वह्या येताहेत, आणि मीही येतेय," त्या म्हणाल्या. ड्रायव्हरने मॅनेजरला फोन करायला खिसा चाचपला, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गाडीचं दार उघडलं.

मॅनेजरच्या खोलीत निरीक्षक आधीच येऊन बसले होते. किरकोळ अंगाचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. एका बाजूला उंची, दुसऱ्या बाजूला फिटर. भिंतीपलीकडे रोलर चालू होते. त्यातला एक बंद असल्याने नेहमीची घरघर लंगडी वाटत होती. बाईंना पाहून मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्याने स्वतःच खुर्ची पुढे केली. "या आमच्या इंग्रजीच्या शिक्षिका. अहवाल यांनीच तपासलाय."

"तपासलेला नाही," बाई म्हणाल्या आणि फाईल जशीच्या तशी टेबलावर ठेवली. शेजारी चिमणीची वही ठेवली, उघडून.

निरीक्षकांनी वही जवळ ओढली. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. मग मागची पानं चाळली. "यात लिहिलंय, आईचे तीन दात पडलेत. खरं आहे?"

"खरं आहे," उंची पटकन म्हणाली. "चारही असतील आता."

निरीक्षक हसले नाहीत, पण त्यांनी पुढचं पान सावकाश उलटलं.

"साहेब, या वर्गातल्या वह्या आहेत," मॅनेजर म्हणाला. "व्याकरणाचा सराव. उद्या कुणी लिहील की मी राणी आहे, म्हणून काय मुकुट द्यायचा? आणि नीट बघा. पेन्सिलीने तिने स्वतः काय लिहिलंय? ऑन मंडे. म्हणजे फक्त सोमवारी. एक दिवस अडकली असेल दांडी, मग चालू झाली. सिन्स मंडे हे लाल शाईतलं. ते तिचं नाही, यांचं आहे. दुसऱ्याचे शब्द कामगाराच्या तोंडी घालून चौकशी कशी चालेल?"

 मुद्दा बिनतोड होता. तो येणार हे बाईंना काल त्याने वह्या मागितल्या तेव्हाच कळायला हवं होतं, पण कळलं नव्हतं. निरीक्षकांनी चष्मा काढला.

"बाई, हा बदल तुम्ही केलात?"

"मी केला."

"का? वाक्य इंग्रजीत बरोबर दिसावं म्हणून?"

इथे हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर त्या व्याकरणाच्या बाई उरल्या असत्या, बाकी कशाच्या नाही. वही कागदाच्या भावाची झाली असती आणि त्यांना पुढे कुणी काही विचारलं नसतं. समोर मॅनेजर त्यांच्याकडे बघत होता. त्या नजरेत धमकी नव्हती, विनवणी होती, आणि ती जास्त जड होती. बाईंच्या लग्नात तो सोळा वर्षांचा होता, त्यांच्या मागे मागे फिरायचा.

"नाही," बाई म्हणाल्या. "ऑन मंडे हेही इंग्रजीत बसलं असतं, नुसतं इजचं वॉज केलं असतं तर. पण त्याचा अर्थ सोमवारीच संपलं असा झाला असता. म्हणून मी तिला विचारलं, आता चालते का? ती म्हणाली, नाही, सोमवारपासून तशीच पडलीय, हात लावला तरी रोलर थांबत नाही. हे तिचे शब्द. ते ऐकून मी सिन्स लिहिलं. ऐकलं नसतं तर लिहिलं नसतं."

"म्हणजे बुधवारी संध्याकाळी तुम्हाला माहीत होतं, की दांडी बंद आहे."

"होतं."

"आणि रोलर चालू आहे."

"होतं."

"तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"का नाही?"

 "माझं लक्ष क्रियापदाकडे होतं."

निरीक्षकांनी ते वाक्य शब्दन् शब्द लिहून घेतलं. त्यांच्या पेनाचा आवाज तेवढा येत होता. मग ते फिटरकडे वळले. "यात लिहिलंय, तिने मंगळवारी तुम्हाला सांगितलं."

फिटर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

"सुट्या भागांची मागणीवही असेल ना?"

"ती वरच्या कचेरीत गेलीय," मॅनेजर म्हणाला.

"मागवा. मी थांबतो." निरीक्षकांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मॅनेजरने फोन उचलला, कुणाशी तरी बोलला, ठेवला. टेबलावर आलेल्या चहाला कुणी शिवलं नाही. फिटरच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला तरी तो पुसेना. बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या स्वतःच्या मांडीवरच्या रिकाम्या पिशवीचे बंद गुंडाळत आणि सोडत होत्या. बारा वाजायला आले तेव्हा उंची हलक्या आवाजात फिटरला म्हणाली, "दादा, तिचा उजवा हात आहे रे तो."

फिटरचा खांदा हलला. "वही माझ्या कपाटात आहे," तो म्हणाला. "वर गेलीच नाही."

वही आली. मंगळवारच्या पानावर त्याच्याच अक्षरात होतं : तीन नंबर रोलर, दांडीचा स्विच, एक नग, तातडीचे. शेजारी मॅनेजरची आद्याक्षरं आणि एकच शब्द, 'रविवारी'.

मॅनेजर उठून खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. अहवाल तसाच टेबलावर पडून होता, कुणीच दुरुस्त न केलेला.

पुढचं सगळं काही आठवड्यांत झालं. चिमणीवरचा ठपका निघाला. तिसरं बोट वाचलं, पण वाकत नव्हतं. उपचार लाँड्रीने केले, आणि बरी झाल्यावर तिला चिठ्ठ्या वाचून पिशव्या वेगळ्या करण्याच्या टेबलावर बसवलं. ती आता डाव्या हाताने लिहायला शिकत होती. मॅनेजरची मॅनेजरी गेली. दुसऱ्या गावातल्या एका लहान लाँड्रीत तो गोदाम सांभाळायला जाऊ लागला. वर्ग बंद झाला. बाईंना एका ओळीचं पत्र आलं, आभारासकट. निरीक्षकांच्या निकालपत्रात त्यांच्याविषयीही दोन ओळी होत्या : शिक्षिकेस बुधवारी माहिती होती, तिने ती पुढे दिली नाही. बाईंनी ती प्रत मागून घेतली, वाचली आणि घडी करून कपाटात ठेवली. त्या चिमणीकडे दर आठवड्याला जात राहिल्या. पहिले तीन-चार वेळा चिमणीची आई दार उघडून आत निघून जायची. पाचव्या वेळी ती थांबून म्हणाली, "बसा."

दिराच्या घरून मात्र तीन महिने फोन नव्हता. मग एका रविवारी जावेचाच आला. "तुमचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, ताई," ती म्हणाली. "माझ्या तोंडून ते येणारच नाही. पण भावाभावांनी असं किती दिवस बसायचं? दुपारी जेवायला या."

दोघं गेले. भावाभावांनी एकमेकांच्या तब्येतीची चौकशी केली, जरुरीपेक्षा जास्त वेळ. मग यजमान हात धुवायला गेले आणि बैठकीत बाई आणि दीर दोघंच उरले. तो वाळला होता.

"एक विचारू, वहिनी?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बुधवारी संध्याकाळी मला एक फोन केला असतात तर? भावजी, दांडी बंद आहे, एवढंच."

हा प्रश्न बाईंनी स्वतःला इतक्या वेळा विचारला होता, की दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तो जुना वाटला. "तर तुम्ही काय केलं असतंत?"

 "माहीत नाही," तो म्हणाला. "रविवारी बघू, असंच म्हणालो असतो बहुतेक. पण तुम्ही म्हणताय म्हटल्यावर... कदाचित रोलर बंदही ठेवला असता. आता काय सांगू?"

"मी करायला हवा होता फोन."

"मीही मंगळवारी खाली जाऊन बघायला हवं होतं. जिना उतरलो की रोलर. वीस पावलं."

आतून जावेने हाक मारली, ताटं वाढलीत म्हणून. "आलो," तो म्हणाला, पण जागचा हलला नाही. बाईही हलल्या नाहीत. जावेने पुन्हा एकदा हाक मारली.